सी भाषेतील जागेची मागणी : एक दुरुस्ती

हा लेख म्हणजे एक दुरुस्तीपत्रक आहे असे म्हटले तरी चालेल. आमच्या शाळेच्या संगणक मंडळात जी मुले शनिवारी दुपारी सी भाषा शिकण्यास बसतात, त्यांस आम्ही गेली कित्येक वर्षे फळ्यावर दोन ओळी लिहून देत आलो. त्या दोन्ही ओळी सदोष होत्या. पहिलीचा दोष नववीतील एका विद्यार्थिनीने उघडकीस आणला. दुसरीचा, पहिलीची चौकशी करता करता आमचा आम्हांसच दिसला. दरम्यान मंडळात शिकून गेलेली कित्येक मुले आज पुण्यामुंबईस याच कामावर आहेत, आणि त्यांच्या जुन्या वह्यांत त्या ओळी अद्याप तशाच असतील. यास्तव वार्षिकाची ही पाने आम्ही संपादकांकडून मागून घेतली. पालकांनी "हे आपल्याकरिता नव्हे" असे म्हणून पान उलटू नये. मालाची वखार आणि स्कूटरचे मीटर ही ज्यांस ठाऊक आहेत, त्यांस यातील काहीही कठीण वाटण्याचे कारण नाही.

प्रथम वखारीविषयी. संगणकाची स्मृती, जिला मुले मेमरी म्हणतात, ती एका अतिशय लांब वखारीसारखी आहे अशी कल्पना करावी. तीत एकामागून एक असे लहान लहान खण असून प्रत्येक खणावर क्रमांक घातलेला आहे. अशा एका खणास बाइट म्हणतात. आज्ञावलीस काही साठवावयाचे झाले म्हणजे ती वखारदारास म्हणते, "मला इतके खण पाहिजेत." वखारदार मोकळी जागा पाहून पहिल्या खणाचा क्रमांक सांगतो, आणि 'येथून इतके खण दिले' अशी टीप आपल्यापुरती त्याच जागेच्या कडेला लिहून ठेवतो. काम आटोपले म्हणजे जागा परत करावयाची. सी भाषेत मागणीच्या फंक्शनास मॅलॉक व परत करण्याच्या फंक्शनास फ्री असे नाव आहे. जागा देता येत नसेल तर वखारदार क्रमांकाऐवजी 'नल', म्हणजे 'नाही', असे उत्तर देतो. ते उत्तर पाहिल्यावाचून पुढे जाणे हा निराळाच अपराध असून तो आमच्या मुलांकडून नित्य घडतो. त्याविषयी आज अधिक लिहीत नाही.

ही भाषा डेनिस रिची यांनी अमेरिकेतील बेल टेलिफोन लॅबोरेटरीज या संस्थेत १९७२ च्या सुमारास सिद्ध केली, आणि १९७८ साली ब्रायन कर्निगन व रिची या दोघांचे तिच्यावरील पुस्तक निघाले. आमच्या पिढीने मात्र ती बहुतांशी नागपूरच्या यशवंत कानेटकरांच्या 'लेट अस सी' या पुस्तकावरून शिकली. आता पायथनसारख्या भाषा आल्या आहेत. त्यांत वखारदाराशी बोलणे भाषा परस्पर उरकून टाकते. मग सी कशास शिकवता, असे पालक आम्हांस विचारतात. त्यांस आमचे उत्तर असे की, पायथन चालवणारी जी प्रचलित आज्ञावली आहे ती स्वतः सी भाषेतच लिहिलेली आहे, आणि घरोघरच्या अँड्रॉइड फोनच्या तळाशी जो लिनक्सचा गाभा आहे तोही मुख्यत्वे सी भाषेतच आहे. वखारदाराशी बोलणारा कोणीतरी तळाशी असावाच लागतो. आणि या भाषेचा स्वभाव असा की, दहा खण मागून बाराव्या खणात माल भरू लागलात तरी ती आपणांस अडवीत नाही. तेथे कोणाचा माल आहे हे पाहणे तिचे काम नव्हे.

आता पहिली ओळ. ती अशी होती : "शब्दातील चिन्हे मोजावी, त्यांत एक मिळवावा, आणि तितके बाइट मॅलॉककडे मागावे." एक अधिक मिळवावयाचा तो एवढ्याकरिता की, सी भाषेत प्रत्येक शब्दाच्या शेवटी 'येथे संपले' असे दाखवणारा शून्याचा एक बाइट ठेवावा लागतो. चिन्हे म्हणजे व्यंजन, काना, मात्रा, वेलांटी, अनुस्वार आणि पाय मोडण्याची खूण ही सर्व निरनिराळी धरावयाची. 'रत्नागिरी' हा शब्द बोलताना चार अक्षरांचा. परंतु या हिशेबाने त्यात र, त, पाय मोडण्याची खूण, न, काना, ग, पहिली वेलांटी, र, दुसरी वेलांटी अशी नऊ चिन्हे भरतात. नऊ आणि एक दहा. दहा बाइट मागावे, असा आमचा नियम.

सदर विद्यार्थिनीने शाळेतील मुलांची नावे व त्यांचे तालुके यांची यादी करणारी एक आज्ञावली रचली. ती कधी चाले, कधी मध्येच बंद पडे. आम्ही दोन शनिवार तिच्यावर घालवले, दोष सापडेना. तिसऱ्या शनिवारी तिने जे केले ते आम्हांस सुचावयास हवे होते. मुलांची नावे बाजूस ठेवून तिने जिल्ह्याचे नऊ तालुके तेवढे एकेक करून यादीत घालून पाहिले. मंडणगड, दापोली, खेड, चिपळूण, गुहागर, लांजा व राजापूर हे सातही सुरळीत पार पडले. संगमेश्वर व रत्नागिरी यांपैकी एखादे घातले की आज्ञावली बंद! आणि तीही त्या नावावर बंद पडत नसे. पुढचे नाव साठवण्याकरिता जागा मागितली म्हणजे बंद पडे. "सर," तिने विचारले, "आपल्याच गावाचे नाव याला का चालत नाही?"

कारण सापडल्यावर ते अगदी साधे निघाले. सांप्रत देवनागरी मजकूर युनिकोड नावाच्या संकेतावलीत, आणि तीतही बहुधा यूटीएफ-८ या पद्धतीने साठवतात. त्या पद्धतीत इंग्रजी अक्षरास एक बाइट लागतो, परंतु देवनागरीतील प्रत्येक चिन्हास तीन. म्हणजे रत्नागिरीची नऊ चिन्हे सत्तावीस बाइट खातात, व शेवटचे शून्य धरून अठ्ठावीस होतात. आम्ही मागितले होते दहा.

येथे चाणाक्ष वाचक विचारील, की मग राजापूर तरी कसे चालले? त्यात सात चिन्हे आहेत. मागणी आठ बाइटांची, आणि भरले गेले बावीस. तेही चुकलेच होते! परंतु आमच्या प्रयोगशाळेतील यंत्रांवरचा वखारदार थोडा उदार आहे. कितीही थोडी जागा मागा, तो चोवीस बाइटांहून कमी देत नाही. बावीस त्यांत मावले. चिपळूणचे एकोणीस मावले, खेडचे दहा मावले. रत्नागिरी व संगमेश्वर या दोनच नावांत नऊ नऊ चिन्हे असल्यामुळे त्यांचे अठ्ठावीस झाले, आणि वरचे चार बाइट जेथे पडले तेथे वखारदाराने शेजारच्या जागेविषयीची आपली टीप लिहून ठेवलेली होती. ती पुसली गेली. पुढची मागणी आली तेव्हा वखारदाराने टीप वाचली, तीत भलताच आकडा दिसला, आणि त्याने दुकान बंद केले. म्हणून चूक एका ठिकाणी व बोंब दुसऱ्या ठिकाणी.

आम्हांस या प्रकरणात भय वाटते ते बंद पडलेल्या दोन नावांचे नव्हे, तर बिनबोभाट चाललेल्या सातांचे. एखादा मुलगा देवरुखाऐवजी दापोलीहून येता तर त्याची आज्ञावली तपासणीत उतरली असती, तिला बक्षीसही मिळाले असते, आणि वखारदार कमी उदार असलेल्या दुसऱ्या यंत्रावर नेताच ती कोसळली असती.

आमच्या बाजूने एवढे सांगण्यासारखे आहे की, हा नियम एके काळी खरा होता. १९९१ साली भारतीय मानक ब्यूरोने इस्की नावाची संकेतावली मान्य केली. तीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह एकाच बाइटात बसे. १९८८ साली पुण्यास स्थापन झालेल्या सी-डॅक या संस्थेच्या जिस्ट विभागाची मराठी साधने त्या संकेतावलीवर चालत, आणि आम्ही कॉलेजात होतो तेव्हाच्या आमच्या टिपणात 'नऊ अधिक एक' हे त्याच काळातून आलेले आहे. त्याच १९९१ साली युनिकोडचा पहिला ग्रंथही निघाला, व पुढील वर्षी केन टॉम्सन व रॉब पाइक यांनी यूटीएफ-८ पद्धती काढली. पण आमच्या टिपणात ती बातमी पोचली नाही. गमतीची गोष्ट अशी की रोमन लिपीत लिहिले असता रत्नागिरीची अक्षरे नऊच होतात. त्यामुळे ज्या ज्या वर्षी मुलांनी इंग्रजीत लिहून नियम पडताळून पाहिला, त्या त्या वर्षी तो बरोबर ठरला.

यावर उपाय काय? 'चिन्हे गुणिले तीन अधिक एक' असा नवा नियम फळ्यावर लिहिणे हा नव्हे. एखाद्या नावात इंग्रजी अक्षर आले की तोही चुकेल. उपाय असा की मोजणी आपण करूच नये. सी भाषेच्या ग्रंथालयात स्ट्रडप नावाचे फंक्शन आहे. त्याच्या हाती शब्द दिला की ते स्वतः त्याचे बाइट मोजते, एक मिळवते, तितकी जागा मागते, शब्द तीत उतरवते, आणि जागेचा क्रमांक आपल्या हाती देते. युनिक्स जातीच्या यंत्रांवर ते फार दिवसांपासून आहे. सी भाषेच्या आंतरराष्ट्रीय मानकात मात्र ते २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या आवृत्तीतच आले. काही कारणाने मोजणी करावीच लागली तर ती डोळ्यांनी न करता स्ट्रलेनकडून करवावी. ते बाइट मोजते, अक्षरे मोजीत नाही, आणि येथे आपणांस बाइटच हवे आहेत.

ही चौकशी चालू असताना आमची नजर फळ्यावरील दुसऱ्या ओळीकडे गेली, आणि आम्ही काही वेळ स्वस्थ बसलो. कारण तीतही आम्ही मोजणी स्वतःच करीत होतो. ती ओळ जवळजवळ प्रत्येक क्रमिक पुस्तकात आढळते : "अमुक इतक्या संख्या साठवावयाच्या असतील तर संख्यांची गणती गुणिले एका संख्येचे बाइट, हा गुणाकार मॅलॉककडे द्यावा." यात वावगे काय, हे पालकसभेत आम्ही सांगू लागलो तेव्हा एका मुलाचे आजोबा, ज्यांचा हापूसचा व्यापार आहे, म्हणाले, "मास्तर, पेट्या गुणिले डझन गुणिले बारा, एवढाच हिशेब ना? तुमच्या संगणकाला गुणाकार येत नाही की काय?"

गुणाकार येतो. उत्तर लिहिण्यास जागा पुरत नाही. जुन्या स्कूटरच्या मीटरवर किलोमीटरचे पाच आकडे असत. ९९,९९९ नंतर आणखी एक किलोमीटर गेले की मीटर लाख दाखवीत नाही. तेथे पाच शून्ये येतात, आणि म्हातारी स्कूटर मीटरापुरती कोरी करकरीत होते. (आजोबा हसले, अशी एक त्यांनी विकत घेतली होती.) संगणकातील आकड्याचेही असेच मीटर असते. बत्तीस बिटांच्या यंत्रावर मागणीचा आकडा जास्तीत जास्त ४,२९,४९,६७,२९५ होऊ शकतो. त्यापुढे एक मिळवला की शून्य.

आता समजा कोणी १,०७,३७,४१,८२५ संख्यांकरिता जागा मागितली, आणि एका संख्येस चार बाइट लागतात. खरा गुणाकार ४,२९,४९,६७,३०० होतो. परंतु मीटर ४,२९,४९,६७,२९६ ला शून्यावर येते, उरतात चार. म्हणजे मॅलॉककडे जी मागणी पोचली ती केवळ चार बाइटांची. मॅलॉकने ती प्रामाणिकपणे पुरी केली. त्यास दोष देता येत नाही, कारण त्यास गुणाकाराचे दोन आकडे कधी दिसलेच नाहीत. दिसले ते उत्तर. आज्ञावली मात्र समजते की आपणांस एकशे सात कोटींची जागा मिळाली, आणि ती भरू लागते. पहिली संख्या आपल्या जागेत बसते. दुसरीपासून पुढच्या सर्व शेजाऱ्यांच्या घरात.

इतके मोठे आकडे शाळेत कोण मागतो, असे वाटेल. आमच्या कॉलेजच्या दिवसांत निळ्या पडद्याच्या टर्बो सीवर हे फार लवकर घडे. तेथील मागणीचे मीटर ६५,५३५ ला भरे. चार बाइटांच्या वीस हजार दशांश संख्या मागितल्या तर ८०,००० चा गुणाकार मीटरवर १४,४६४ होऊन उतरे, आणि मिळे ती केवळ ३,६१६ संख्यांची जागा. आज्ञावली भलतीच उत्तरे देई, आणि आम्ही यंत्र बंद करून पुन्हा सुरू करीत असू. कारण त्या वेळी कळले नाही, हे लिहिण्यास संकोच वाटतो. उलटपक्षी आजची चौसष्ट बिटांची यंत्रे पाहून "आता मीटर वीस आकडी झाले, भय गेले" असे समजणारेही पुष्कळ आहेत. त्यांनी हे पाहावे : एका मोठ्या चित्राची रुंदी ५०,००० ठिपके व उंची ५०,००० ठिपके आहे, आणि हे दोन्ही आकडे आज्ञावलीत साध्या इंट प्रकारचे लिहिले आहेत. त्यांचा गुणाकार २,५०,००,००,००० होतो. परंतु इंटची मर्यादा २,१४,७४,८३,६४७ आहे. गुणाकार आधी इंटच्या लहान मीटरवर होतो व तेथेच बिघडतो; बिघडलेला आकडा मग मोठ्या मीटरवर चढवला जातो.

अपघाताने होणारी चूक एक, आणि कोणी जाणूनबुजून करवून घेतलेली दुसरी. २००२ सालच्या जून महिन्यात ओपनएसएसएच या आज्ञावलीत असाच दोष आढळला. दूरच्या यंत्रात प्रवेश करू पाहणाऱ्याची ओळख पटवणे हे तिचे काम, म्हणजे ती दारावरील पहारेकरीण. ओळख पटवण्याच्या एका पद्धतीत ती आगंतुकास प्रश्न विचारी, व आगंतुक आधी सांगे की 'मी इतकी उत्तरे देतो'. त्या आकड्यास एका नोंदीच्या बाइटांनी गुणून ती जागा मागत असे. आकडा सांगणारा कोण? ज्याची ओळख अद्याप पटलेली नाही तो! त्याने आकडा असा निवडावा की गुणाकार मीटर ओलांडून अगदी लहान उतरेल, मग भराभर उत्तरे पाठवावी, आणि पहारेकरणीच्या शेजारच्या खणांत आपणांस हवे ते लिहून घ्यावे. त्याच महिन्यात ३.४ ही दुरुस्त आवृत्ती काढण्यात आली. ज्या ओपनबीएसडी मंडळींची ही आज्ञावली, त्यांची सावधपणाविषयी जगभर ख्याती आहे, हे मुद्दाम सांगतो. आमच्या फळ्यावरील ओळ आणि त्यांची ओळ एकच होती.

मग करावे काय? मॅलॉकचे एक भावंड आहे, कॅलॉक. ते भाषेच्या पहिल्या मानकापासून, म्हणजे १९८९ पासून, सर्वत्र मिळते. त्यास गुणाकार द्यावयाचा नसतो. गणती आणि एका नगाचे बाइट हे दोन आकडे निरनिराळे द्यावयाचे असतात. गुणाकार कॅलॉक आत करते, आणि मीटर ओलांडले जाते असे दिसल्यास थोडी जागा देण्याऐवजी सरळ 'नल' असे उत्तर देते. बागाईतदार जसा वखारीत "दोनशे पेट्या, पाच डझनी" असे सांगतो आणि फळांचा हिशेब वखारदारावर सोपवतो, तसेच हे. अर्थात वखारदारास तरी गुणाकार नीट आला पाहिजे! त्याच २००२ साली असेही उघडकीस आले की कित्येक ग्रंथालयांतील कॅलॉक स्वतःच मीटर न पाहता गुणीत होते. पुढे ते दोष काढण्यात आले, व आज प्रचारात असलेल्या ग्रंथालयांवर याबाबत विसंबण्यास हरकत नाही.

कॅलॉकचा दुसरा गुण असा की ते जागा स्वच्छ पुसून देते. प्रत्येक बाइटात शून्य असते. मॅलॉक पुसत नाही. त्याने दिलेल्या जागेत आधीच्या वापरणाऱ्याचा माल पडलेला असू शकतो, मग ते निरुपयोगी आकडे असोत की कोणाचा परवलीचा शब्द. म्हणून काही शिक्षक 'नेहमी कॅलॉकच वापरा' असा आदेश देतात. आम्ही तितके पुढे जात नाही. गुणपत्रकाच्या आज्ञावलीत कॅलॉकने दिलेली जागा भरण्यास आपण विसरलो, तर त्या मुलाच्या नावापुढे शून्य गुण दिसतील. आणि शून्य गुण पडलेला मुलगा व परीक्षेस गैरहजर असलेला मुलगा यांत काय अंतर आहे, हे कोणत्याही आईस विचारावे. पुसलेली जागा म्हणजे भरलेली जागा नव्हे. तरीसुद्धा अनेक नगांकरिता जागा मागताना गुणाकार केलेल्या मॅलॉकपेक्षा कॅलॉक बरे, यात आमच्या मते संशय नाही. पुसण्यास लागणारा वेळ शाळेच्या कामात कोणाच्या लक्षातही येत नाही.

घेतलेली जागा वाढवून घेण्याकरिता रीॲलॉक आहे, आणि तेथे मुले आणखी एक चूक करतात. जुन्या जागेचा क्रमांक ज्या चलात ठेवला, त्याच चलात ती रीॲलॉकचे उत्तर ठेवतात. जागा मिळाली तर ठीक. न मिळाली तर उत्तर 'नल' येते, ते जुन्या क्रमांकावर बसते, आणि जुनी जागा वखारीत तशीच पडून असूनही तिचा क्रमांक कोणासच ठाऊक राहत नाही. चावी समुद्रात टाकल्यासारखेच ते. उत्तर आधी दुसऱ्या चलात घ्यावे, पाहावे, मग जुने बदलावे.

रीॲलॉकलाही गुणाकारच द्यावा लागतो, म्हणून ओपनबीएसडीच्या मंडळींनी २०१४ साली ५.६ या आवृत्तीत रीॲलॉकॲरे हे फंक्शन काढले. त्यास जुना क्रमांक, गणती व एका नगाचे बाइट असे तिन्ही वेगळे देतात. लिनक्सवर चालणाऱ्या जीलिबसी या ग्रंथालयाने ते २०१७ साली २.२६ या आवृत्तीत घेतले, आणि २०२४ साली पॉझिक्स मानकातही त्याचा समावेश झाला. परंतु ते अद्याप सर्व यंत्रांवर मिळत नाही. जेथे नाही तेथे गुणाकारापूर्वी भागाकार करावा : मीटरची कमाल मर्यादा एका नगाच्या बाइटांनी भागावी, आणि गणती त्या भागाकाराहून मोठी असेल तर मागणीच करू नये. भागाकार कधीही मीटर ओलांडीत नाही, हे आठवीच्या मुलासही पटते. सी भाषेच्या नव्या मानकात मीटर ओलांडले किंवा कसे हे सांगणारी गुणाकाराची एक स्वतंत्र सोयही आली आहे; आमच्या प्रयोगशाळेतील जुन्या कंपायलरास ती ठाऊक नाही.

ही काळजी म्हणजे शाळामास्तरांचा सोवळेपणा आहे असे कोणास वाटल्यास त्याने लिनक्सच्या गाभ्याकडे पाहावे. २०१८ साली केस कुक यांनी त्यातील जागेच्या मागण्यांमधले उघडे गुणाकार शोधून ते सरसकट दोन आकड्यांच्या फंक्शनांत बदलून टाकले, आणि आता असा उघडा गुणाकार त्यांच्या दस्तऐवजात टाकून दिलेल्या पद्धतींच्या यादीत जाऊन बसला आहे. असे शोध हातांनी करणे अशक्य. त्याकरिता आज्ञावली तपासणाऱ्या आज्ञावली लागतात. त्या कामात आपला महाराष्ट्र मागे नाही. पुण्यास १९८१ साली टाटा रिसर्च डेव्हलपमेंट अँड डिझाइन सेंटर ही संस्था निघाली. सी भाषेतील आज्ञावली न चालवता वाचून तीतील मीटर ओलांडणारे आकडे, मर्यादेबाहेरील खण, शून्याने केलेला भागाकार असे दोष दाखवणारी साधने टाटा कन्सल्टन्सीच्या पुण्यातील संशोधकांनी रचली, आणि त्यांच्या व्हेरिॲब्स या साधनाने २०२० सालच्या आंतरराष्ट्रीय स्पर्धेत एका मुख्य विभागात पहिला क्रमांक मिळवला. आमच्या मंडळातील मुलांस ही वार्ता सांगितली तेव्हा त्यांतील दोघांनी पुण्याच्या गाडीची वेळ विचारून ठेवली.

सदर विद्यार्थिनीची यादी आता पुरी झाली आहे. तीत तालुक्यांची व मुलांची नावे स्ट्रडपने साठवली असून क्रमांकांची रांग रीॲलॉकॲरेने वाढते. आमच्या विनंतीवरून तिने दर वेळी उत्तर 'नल' आहे काय हेही पाहिले आहे. नऊही तालुके चालतात.

राहिली ती आमची दुरुस्ती. संगणक मंडळाच्या ज्या माजी विद्यार्थ्यांजवळ जुन्या वह्या असतील, त्यांनी 'जागेची मागणी' या पाठातील पहिल्या दोन ओळी खोडाव्या. पहिलीच्या जागी "शब्द साठवावयाचा असल्यास स्ट्रडप", आणि दुसरीच्या जागी "अनेक नगांकरिता कॅलॉक, वाढवण्याकरिता रीॲलॉकॲरे, गुणाकार स्वतः करू नये" असे लिहावे. ज्यांनी ती वही धाकट्या भावंडांस किंवा शेजाऱ्यांस दिली असेल, त्यांनी हा अंक त्यांच्याकडे पोचवावा. आणि ज्यांनी त्या ओळींवर विसंबून कोठे नोकरीच्या ठिकाणी काही लिहून ठेवले असेल, त्यांनी ते उघडून पाहावे. त्यात चूक आढळल्यास वरिष्ठांस ती आमच्या नावावर सांगितली तरी आमची हरकत नाही.